काळोख्या टू-स्टेपच्या दर्दींनी एकत्र यायचं तर

साधारण १९९८ ते २००३ या काळात लंडनमध्ये, त्यातही दक्षिण लंडनच्या बाजूला, जो काळोखा टू-स्टेप गॅरेज (तुटक ठेक्याचं, बेसवर चालणारं इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत) तयार झाला, त्याचे चाहते आजही कमी नाहीत. पण ते विखुरलेले आहेत. ग्रूव्ह क्रॉनिकल्स, एल-बी आणि त्याचं घोस्ट लेबल, हॉर्सपॉवर प्रॉडक्शन्स, ओरिस जे, झेड बायस, स्टीव्ह गर्ली ही निर्मात्यांची नावं एका दमात घेणारं माणूस भेटलं की गप्पा थांबत नाहीत. अडचण असते ती असं माणूस भेटण्याची.

याचं कारण या संगीताच्या नशिबातच आहे. १९९९-२००० मध्ये गॅरेज चार्टवर चढलं ते चकचकीत, गायलेल्या गाण्यांच्या जोरावर. ऑगस्ट २००१ मध्ये सो सॉलिड क्रूचं ‘ट्वेंटी-वन सेकंड्स’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि एमसी मंडळींची, म्हणजे संगीतावर माइक घेऊन बोलणाऱ्यांची, वाट पुढे ग्राइम या रॅपच्या शैलीकडे वळली. बेसच्या, म्हणजे खालच्या जड सुरांच्या, मागे लागलेले डबस्टेप या अर्ध्या गतीच्या, जड शैलीकडे गेले. मधला काळोखा टू-स्टेप दोन्ही घरचा पाहुणा झाला: डबस्टेपवाले त्याला ‘आधीचं प्रकरण’ म्हणून भराभर ओलांडतात, गॅरेजवाल्यांना तो गाण्याविना कोरडा आणि गार वाटतो. २००६ साली लंडनचा निर्माता बरिअल याचा पहिला अल्बम आला तेव्हा त्यातल्या ड्रम्सवर एल-बीची छाया आहे हे बऱ्याच जणांना कळलं, आणि तिथून मागे येणारे नवे श्रोतेही तयार झाले. पण त्यांना बसायला स्वतःची ओसरी नव्हती.

तेव्हा ही मंडळी एकत्र होती ती मोजक्या जागांमुळे. क्रॉयडनच्या सरे स्ट्रीटवर बिग ॲपल हे रेकॉर्डचं दुकान होतं. डीजे हॅचा तिथे काउंटरवर, वरच्या मजल्यावर निर्माता आर्टवर्कचा स्टुडिओ, आणि पुढे डबस्टेपचे निर्माते झालेले, तेव्हा शाळकरी वयाचे स्क्रीम व बेंगा तिथेच घुटमळणारे. १९९४ पासून चोरून प्रसारण करणारं रिन्स एफएम होतं. त्याला अधिकृत परवाना मिळाला तो थेट २०१० मध्ये. २००१ पासून ‘फॉरवर्ड’ ही क्लब-नाइट होती, आधी वेल्वेट रूम्समध्ये आणि नंतर शोरडिचमधल्या प्लॅस्टिक पीपल या तळघरात. आणि डबप्लेट, म्हणजे डीजेसाठी एक-दोनच प्रतींच्या तबकड्या, कापून देणाऱ्या खोल्या होत्या, जिथे आपली पाळी येईपर्यंत बसून राहावं लागे आणि त्यात ओळखी होत. बिग ॲपल २००४ मध्ये बंद झालं, प्लॅस्टिक पीपल २०१५ च्या सुरुवातीला. दुकान, रेडिओ, कापायची खोली आणि तळघर जे काम करत ते काम आज कुणीतरी अंगावर घेतलं, तर मंडळी जमते. नुसतं ‘कुणी आहे का’ म्हणून हाक मारल्याने जमत नाही. हे काम नेमकं काय, ते पुढे सांगतो.

आधी कान. नव्या माणसाला हा ठेका सामान्य टू-स्टेपपासून वेगळा ओळखता यायला हवा, नाहीतर बैठकीत कुणी गोड गळ्याची रेकॉर्ड लावतं, कुणी २००६ चं अर्ध्या गतीचं डबस्टेप, आणि दोघंही नाराज होतात. एका बारचे, म्हणजे चार ठोक्यांच्या आवर्तनाचे, १६ समान भाग करा. किक (पायाने वाजणारा जड ड्रम) पहिल्या भागावर आणि अकराव्यावर, स्नेअर (तडकणारा ड्रम) पाचव्यावर आणि तेराव्यावर. नवव्या भागावर, जिथे हाउस या सरळ ठेक्याच्या नृत्यसंगीतात किक हमखास पडते, तिथे मोकळी जागा. ही मोकळी जागा म्हणजेच टू-स्टेप. वेग साधारण १३० ते १३८ बीपीएम, म्हणजे मिनिटाला तितके ठोके. आता सम क्रमांकाचे भाग, म्हणजे दुसरा, चौथा, सहावा असे, किंचित उशिरा वाजवायचे. १३२ बीपीएमला एक भाग सुमारे ११४ मिलिसेकंदांचा असतो. हा उशीर मोजणारा स्विंग ५८ टक्के ठेवला तर हे भाग साधारण १८ मिलिसेकंद मागे सरकतात. ५० टक्क्यांवर ठेका लाकडासारखा ताठ होतो, ६६ च्या आसपास तो तीन-तीनच्या झोक्यात जातो आणि हलका, खेळकर वाटायला लागतो. काळोख्या टू-स्टेपची सगळी धार या दोन टोकांमधल्या अरुंद पट्टीत आहे.

एल-बीच्या ड्रम्सकडे लक्ष द्या. मुख्य स्नेअरच्या आगेमागे हलके रिमशॉट (ड्रमच्या कडेवरचे ठोके) आणि लाकडी टकटक पेरलेली असते, प्रत्येकाचा जोर वेगळा. आवाज कोरडे, आखूड, शेपूट कापलेले. त्यामुळे दोन ठोक्यांमध्ये खरी शांतता उरते आणि त्या शांततेत बेस हलतो. हा बेस जंगल या आधीच्या वेगवान शैलीमधून आलेला आहे. स्टीव्ह गर्ली स्वतः आधी फाउल प्ले या जंगल गटात होता, हे माहीत असलं की त्याचे डब (गाणं बाजूला काढून ठेका आणि बेस पुढे आणलेले) मिक्स वेगळेच ऐकू येतात. गाणाऱ्या बाईचा आवाज असलाच तर दोन-तीन अक्षरांचे तुकडे करून, तेही प्रतिध्वनीत भिजवून. हॉर्सपॉवरकडे सिनेमातले संवाद आणि डबचा धूर जास्त. घोस्टकडे धूर कमी, हाडं जास्त. मला घोस्टचं हे हाडकुळेपण जास्त जवळचं वाटतं, पण नव्या माणसाला सुरुवात हॉर्सपॉवरच्या २००२ च्या ‘इन फाइन स्टाइल’पासून करून द्यावी, अल्बम म्हणून तो सलग ऐकवतो. मग मागे जाऊन ग्रूव्ह क्रॉनिकल्सचं १९९८ चं ‘स्टोन कोल्ड’. मग टेम्पा या लेबलचे दोन संग्रह, २००६ चा ‘द रूट्स ऑफ डबस्टेप’ आणि २००९ चा ‘द रूट्स ऑफ एल-बी’. एवढ्यावर माणूस टिकलं तर ते आपलं.

रेकॉर्ड शोधताना शैलीचं नाव टाकून शोधू नका. त्याच लेबलची एक रेकॉर्ड विक्रेत्याने गॅरेजमध्ये ठेवलेली असते, दुसरी डबस्टेपमध्ये आणि तिसरी ब्रेकबीटमध्ये. लेबल आणि साल धरून शोधा: घोस्ट, टेम्पा, सोल्जा, शेल्फलाइफ, टेक्स्चर, बिग ॲपल, १९९८ ते २००३. टोपणनावांची यादी हाताशी ठेवा. ओरिस जे म्हणजेच डार्कवान. झेड बायस म्हणजेच मॅडस्लिंकी, आणि फ्यूचरिस्टिक्समधला अर्धा भागही तोच. ही यादी नसेल तर निम्म्या रेकॉर्डी डोळ्यांसमोरून निसटतात. गायलेल्या गॅरेज सिंगलची दुसरी बाजू कधीच सोडू नका. पहिल्या बाजूवर रेडिओसाठीचं गाणं आणि मागे ‘डब’ असं लिहिलेलं काळंकुट्ट काहीतरी, हा त्या काळचा नेहमीचा प्रकार. त्यामुळे स्वस्तातल्या पेटीतही ऐवज सापडतो.

व्हाइट लेबल हातात आली आणि त्यावर काहीच छापलेलं नसलं, तर रेकॉर्ड तिरपी धरून शेवटच्या खोबणीनंतरची गुळगुळीत पट्टी उजेडात बघा. तिथे कोरलेला क्रमांक असतो, कधी शिक्क्यासारखा ठसलेला, कधी हाताने खरवडलेला. त्याच्या शेवटी बाजू दाखवणारं अक्षर, आणि पुष्कळदा कापणाऱ्या अभियंत्याची खूण. हा क्रमांक दोन्ही बाजूंचा, जसाच्या तसा, स्वल्पविराम आणि रेघांसकट उतरवून घ्या. डिस्कॉग्स या रेकॉर्डींची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर तोच टाकून शोधता येतं. खोटी पुनर्छपाई पकडायचाही हाच मार्ग: लेबलची नक्कल सहज होते, पण कोरलेला क्रमांक आणि अक्षराचं वळण सहसा जुळत नाही. वेगाचीही एक खोच आहे. बारा इंची रेकॉर्ड ३३ ची आहे की ४५ ची, हे लेबलवर बऱ्याचदा नसतं. ४५ ची रेकॉर्ड ३३ वर लावली की १३२ चा ठेका ९८ च्या जवळ येतो, आणि संथ, जड, विलक्षण काळोखं काहीतरी ऐकू येतं. ते आवडूनही जातं. गळ्याचा तुकडा आला की खरं काय ते कळतं, म्हणून निर्णय त्यावर करा.

आता ओळख पटवण्याचं काम, कारण याच्याइतकं माणसं जोडणारं दुसरं काही नाही. जुन्या रेडिओ-टेपांमध्ये वाजणाऱ्या कितीतरी गोष्टी डबप्लेट होत्या: ॲल्युमिनियमच्या तबकडीवर मऊ लॅकरचा थर, एक-दोन प्रती, काही डझन वेळा वाजवल्या की वरचे स्वर झिजायला सुरुवात. त्यातल्या बऱ्याच पुढे छापल्याच गेल्या नाहीत. फोनवरचं ओळखणारं ॲप इथे चालत नाही. मूळ ध्वनिमुद्रण त्याच्या साठ्यात नसतं, आणि असलं तरी डीजेने गती बदललेली असते, वर एमसी बोलत असतो. म्हणून माणसांना विचारावं लागतं आणि विचारायची एक रीत आहे. ४० ते ६० सेकंदांचा तुकडा द्या, ज्यात ठेका मोकळा ऐकू येतो तो भाग आणि बेस उतरतो तो क्षण दोन्ही येतील. डीजे कोण, स्टेशन कोणतं, अंदाजे साल काय, टेपमध्ये कितव्या मिनिटाला, याच्या आधी आणि नंतर काय वाजलं, हे सांगा. गळ्यातले शब्द जसे ऐकू आले तसे लिहा, चुकीचे असले तरी. तुमचा स्वतःचा अंदाजही सांगा. नुसतं ‘हे कोणतं?’ विचारणाऱ्याला उत्तर मिळायला वेळ लागतो, कारण जाणकाराला शून्यापासून सुरुवात करावी लागते; ‘डार्कवान वाटतोय, पण स्नेअर जास्त बोथट आहे’ असं म्हटलं की तो लगेच वाद घालायला येतो. उत्तर मिळालं की ते सगळ्यांना दिसेल असं नोंदवा. ओळख पटलेल्या नावाला कुलूप लावून बसणारे प्रत्येक संगीतात असतात. आपल्या मंडळीत ते चालू देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

पण खरी मंडळी तयार होते ती एका खोलीत, योग्य आवाजात ऐकून. हे संगीत लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकणं म्हणजे अर्धंच ऐकणं, कारण ते स्पीकर साधारण २०० हर्ट्झच्या खाली हात टेकतात आणि इथल्या बेसचा मुक्काम ४० ते ६० मध्ये आहे. सहा ते दहा जण, एक सबवूफर (फक्त बेस वाजवणारा स्पीकर) असलेली यंत्रणा, आणि एक साधी खोली एवढं पुरतं. मात्र खोलीच दगा देते.

समजा खोली ४ मीटर लांब आहे. तिच्या दोन भिंतींमध्ये अडकून घुमणारी पहिली लहर सुमारे ४३ हर्ट्झची असते. खालच्या ‘एफ’ सुराची कंपनं ४३.७ हर्ट्झ. म्हणजे बेसलाइन एफवर उतरली की भिंतीला टेकून बसलेल्याच्या छातीवर दणका बसतो, आणि बरोबर मधोमध बसलेल्याला जवळजवळ काहीच मिळत नाही. तो म्हणतो बेस वाढवा, भिंतीकडचा म्हणतो कमी करा, आणि दोघंही खरं बोलत असतात. यावर उपाय आवाजाची कळ फिरवणं नाही. सबवूफर उचलून जिथे माणसं बसणार तिथे, खुर्चीवरच ठेवा. ४० पासून ७० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर वाजवा आणि भिंतीकडेने गुडघ्यांवर फिरत ऐका. जिथे चढता सूर सर्वांत सपाट, कुठेही न फुगता न बुडता ऐकू येतो, ती सबची जागा. तिथे तो ठेवा. खुर्च्या खोलीच्या बरोबर मध्यावर मांडू नका. लांबीच्या एक तृतीयांशावर मांडल्या तर बहुतेक वेळा निभावतं.

क्रॉसओव्हर, म्हणजे जिच्या खालचे सूर सबकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवा. फेजची कळ दोन्हीकडे फिरवून बघा. ज्या बाजूला किक भरीव वाजते ती बाजू बरोबर. सबची पातळी ठरवताना तो चालू करून पारखू नका, बंद करून पारखा: बंद केल्यावर रेकॉर्ड पोकळ वाटली पाहिजे, आणि चालू असताना सब कोपऱ्यात आहे हे कानाला कळता कामा नये. दाराची कडी, खिडकीची काच, फळीवरची बरणी, जे काही थरथरतं ते आधीच दाबून टाका, कारण त्या खडखडाटात रिमशॉट हरवतात.

टर्नटेबल असेल तर ते सबच्या टेबलावर, फळीवर किंवा त्याच पोकळ लाकडी जमिनीवर नको. बेसची कंपनं सुईतून परत ॲम्प्लिफायरमध्ये शिरतात आणि मंद हुंकार वाढत जाऊन सगळं गिळतो. जड फरशी आणि तिच्याखाली रबराचे चार तुकडे, एवढ्याने बहुतेक वेळा काम होतं. सुई शेवटच्या शांत पट्टीत ठेवून, तबकडी थांबवून, आवाज बैठकीच्या पातळीला नेऊन बघा: हुंकार उठला नाही तर पुढे चला. सुईचा भार बनवणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेतच ठेवा. तो कमी ठेवल्याने रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे; जोरकस बेसच्या खोबणीत हलकी सुई उड्या मारते आणि नुकसान तिथेच होतं.

बैठकीचे नियम थोडेच असावेत. प्रत्येकाने तीन रेकॉर्डी आणायच्या, त्यातली निदान एक इतरांना माहीत नसेल अशी. पहिला तास काहीही मिसळायचं नाही, प्रत्येक रेकॉर्ड पूर्ण वाजवायची आणि तेव्हा बोलायचं नाही. एकाने वहीत नोंद ठेवायची: नाव, लेबल, साल, कोरलेला क्रमांक. ही वही काही महिन्यांत मंडळीची सर्वांत मोलाची वस्तू होते. डिजिटल फाइल आणणाऱ्याला कमी लेखू नये. ज्या गोष्टी मूळ छपाईत मिळत नाहीत त्यांसाठी दुसरा मार्गच नाही.

दुसऱ्या तासात मिक्सिंग. इथे हाउसवर हात बसलेले लोक अडखळतात, कारण धरायला सरळ किक नसते. कान स्नेअरवर ठेवा, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. नेहमीच्या टर्नटेबलची पिच पट्टी उणे-अधिक ८ टक्के असते. १३२ वरून १३६ ला जायला साधारण ३ टक्के लागतात, त्यामुळे वेगाची अडचण नसते. अडचण स्विंगची. दोन रेकॉर्डींचा झोका वेगळा असेल तर स्नेअर तंतोतंत जुळूनही हाय-हॅट (छोट्या झांजा) एकमेकांवर आदळतात आणि दहा-पंधरा मिलिसेकंदांची फटफट ऐकू येते. पिच हलवून ती जात नाही. येणाऱ्या रेकॉर्डचे वरचे स्वर कापून ठेवा आणि मिश्रण आखूड करा. दोन बेस एकत्र कधीच नकोत. येणाऱ्याचा बेस पूर्ण बंद, आणि १६ बारच्या वळणावर एका झटक्यात अदलाबदल. १३२ बीपीएमला १६ बार म्हणजे २९ सेकंद. एवढ्यात सगळं उरकतं.

मंडळी वाढली आणि लंडनमध्येच एखाद्या पबच्या मागच्या खोलीत मोठी संध्याकाळ करायची ठरली, तर तिथला कायदा वाटतो तितका आडवा येत नाही. मद्यविक्रीचा परवाना असलेल्या जागेत, त्या परवान्याच्या वेळेत, सकाळी ८ ते रात्री ११ दरम्यान आणि ५०० पर्यंत श्रोत्यांसाठी रेकॉर्ड वाजवायला वेगळी करमणूक-परवानगी लागत नाही. रात्री ११ च्या पुढे जायचं आणि जागेच्या परवान्यात ते बसत नसेल, तर स्थानिक कौन्सिलकडे तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना द्यावी लागते: फी २१ पौंड, किमान १० कामाचे दिवस आधी, आणि कर्मचारी धरून जास्तीत जास्त ४९९ माणसं. जागेकडे पीपीएल पीआरएस या संस्थेचा, संगीत जाहीर वाजवण्यासाठीचा परवाना आहे का, हे मालकाला आधीच विचारा. आणि घरच्या यंत्रणेसाठी केलेली तीच तपासणी तिथेही करा. पबमधल्या बहुतेक यंत्रणा गप्पांच्या मागे वाजायला बसवलेल्या असतात, त्यांना ५० हर्ट्झखाली काही जमत नाही. भाड्याने दोन सब आणणं हाच सर्वांत सार्थ खर्च. सजावट, पोस्टर वगैरे त्यानंतर.

एक काम मात्र लांबणीवर टाकण्यासारखं नाही: टेपा. त्या काळची रेडिओ-प्रसारणं कॅसेटवर आहेत आणि कॅसेट दरवर्षी थोडी मरते. कुणाकडे पेटी सापडली तर डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) बंद ठेवून वाजवा, कारण घरी रेडिओवरून घेतलेल्या टेपांवर ते वापरलंय की नाही याचा भरवसा नसतो. आवाज मोनो करून टेप वाचणाऱ्या हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू अगदी हळू फिरवा. हाय-हॅट सर्वांत लख्ख होतात तिथे थांबा. हे प्रत्येक टेपसाठी नव्याने करावं लागतं. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास, आणि साठवण फ्लॅक या आवाज न गमावणाऱ्या फाइल-प्रकारात. खरखर काढणारं सॉफ्टवेअर मूळ प्रतीवर चालवू नका. ते खरखरीबरोबर हॅटची शेपटं आणि खोलीचा श्वासही खाऊन टाकतं. सी-९० ची एक बाजू ४५ मिनिटांची, म्हणजे तासाभराच्या कार्यक्रमात टेप उलटताना काही सेकंद गेलेले असतात. ती फट सांधू नका, तशीच ठेवून नोंदवा. फाइलच्या नावात स्टेशन, डीजे, एमसी आणि तारीख घाला. तारीख कव्हरवर नसेल तर मधल्या जाहिराती आणि येणाऱ्या कार्यक्रमांच्या घोषणा ऐका. ‘येत्या रविवारी’ असं काहीतरी एमसी हमखास बोलून जातो, आणि तिथून वर्ष पकडता येतं. फाइल तयार झाली की मूळ कॅसेट मालकाला परत करा, आणि एक प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या माणसाकडे ठेवा.